शेत विकून शेत घेताना

देगलूरजवळची प्रत्येक शेतजमीन भांडवली नफ्याच्या करात येत नाही. शहराची लोकसंख्या दहा हजार ते एक लाखाच्या गटात असल्याने नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरपलीकडची शेती करमुक्त, अलीकडची करपात्र. तिथे १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५४ब म्हणून आलेली सवलत मोलाची ठरते. विक्रीआधी दोन वर्षे स्वतः किंवा आई-वडिलांनी कसलेली जमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेती घेतली, तर गुंतवलेल्या रकमेइतक्या नफ्यावर कर लागत नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खरेदी झाली नसेल, तर पैसे बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावेत. मात्र नवी जमीन तीन वर्षांच्या आत विकली, की वाचलेला नफा पुन्हा हिशेबात येतो. म्हणून इसार घेण्याआधीच हद्दीपासूनचे अंतर तपासून घ्या.