‘प्लमेट’ : शिशाच्या गोळ्यातून आलेला शब्द

भूजल पातळी घटली, शेअर बाजार कोसळला, तापमान अचानक उतरले की इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘प्लमेट’ हे क्रियापद हमखास येते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याचा आणि या शब्दाचा संबंध दुष्काळाच्या बातम्यांमुळे येतो. ‘प्लमेट’ म्हणजे वेगाने, सरळ खाली येणे. या अर्थाने तो विसाव्या शतकात रूढ झाला. नाम म्हणून मात्र तो कित्येक शतके जुना आहे.

शिशाला लॅटिनमध्ये ‘प्लम्बम’ म्हणतात. शिशाची रासायनिक संज्ञा ‘पीबी’ त्यावरूनच आली. जुन्या फ्रेंचमध्ये शिशाच्या लहान गोळ्याला ‘प्लोमेट’ म्हणत. तोच शब्द इंग्रजीत गेला. दोरीला बांधलेला हा गोळा गवंडी भिंतीचा सरळपणा तपासण्यासाठी वापरीत, तर खलाशी समुद्राची खोली मोजण्यासाठी तो पाण्यात सोडीत. शिशाचे नळ बसविणारा तो ‘प्लंबर’. पाण्यात बुडी घेणे या अर्थाचा ‘प्लंज’ आणि डळमळीत न होणारा आत्मविश्वास सांगणारा ‘अप्लॉम’ हे शब्दही याच कुळातले.

मराठीत गवंड्याच्या या साधनाला ओळंबा म्हणतात. तो संस्कृत ‘अवलंब’ या शब्दावरून आला. मूळ अर्थ खाली लोंबणे. भूमितीतील ‘लंब’ही त्याच धातूचा. ‘अवलंब’ आणि ‘अप्लॉम’ यांच्या उच्चारातील साम्य मात्र केवळ योगायोगाचे आहे.

मूळ अर्थ ध्यानात घेतला, तर शब्दाची मर्यादाही कळते. निराधार झालेली वस्तू उंचावरून थेट खाली यावी, हे ‘प्लमेट’मध्ये अभिप्रेत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूरबरोबर या जिल्ह्यातील सास्तूरसारख्या गावांतही दगडमातीची घरे पडली. त्या पडण्याला इंग्रजीत ‘कोलॅप्स’ म्हणतात, कारण तेथे रचना एकत्रच ढासळते. पावसाळ्यात नळदुर्ग किल्ल्यातील बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे पडतात. त्यांनाही ‘प्लमेट’पेक्षा साधा ‘फॉल’ शोभतो.

मराठीत तर छटा आणखी बारीक आहेत. भाव गडगडतात, भिंत ढासळते, इमारत कोसळते, प्रकृती खालावते, झरा आटतो. ‘प्लमेट’चे भाषांतर म्हणून सर्वत्र ‘घसरण’ लिहिले की ही सारी संपत्ती वाया जाते.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. मराठवाड्याच्या बेसाल्ट खडकात पाणी प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. साठाच मर्यादित असल्याने पाऊस ओढला आणि उपसा वाढला की विहिरी तळ गाठतात, मग विंधनविहिरी अधिकाधिक खोल जातात. ही क्रिया बहुधा अनेक हंगामांतून घडते. तिला ‘अचानक कोसळली’ म्हटले की कारण पावसाच्या एका लहरीत शोधले जाते आणि वर्षानुवर्षांच्या उपशाचा हिशेब मागे पडतो. अशा वेळी ‘खालावली’ हा शब्द अधिक प्रामाणिक ठरतो. एखाद्या शिवारातील विहीर काही दिवसांतच कोरडी पडली, तर ‘प्लमेट’ चालेल. मात्र किती दिवसांत किती मीटर, हे सोबत सांगावे.

विशेष म्हणजे भूजल मोजण्याची एक जुनी पद्धत याच शब्दाच्या जन्माची आठवण करून देते. वजन लावलेली पोलादी फीत निरीक्षण विहिरीत सोडायची आणि तिचा किती भाग भिजला, यावरून पाण्याची पातळी काढायची. खलाशाच्या गोळ्याचेच हे रूप. ‘प्लमेट’ झाले असे लिहिण्यापूर्वी मोजमाप पाहावे, ही अपेक्षा त्यामुळे त्या शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच आहे.