राजकीय वास्तव आणि रहस्यकथेची संभाव्यता

महाराष्ट्रातील २०१९ नंतरच्या सत्तांतरांविषयी बोलताना 'रहस्यकथेलाही लाजवील असे' हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. वरवर पाहता हे राजकारणावरील भाष्य असले तरी मुळात ती एक वाङ्मयीन तुलना आहे. वास्तव आणि कल्पित यांना एकाच मापाने मोजून वास्तवाला सरस ठरविणारे हे विधान साहित्याच्या अभ्यासकाने तपासून घ्यावयास हवे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

प्रथम घटना पाहू. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राज्यातील राष्ट्रपती राजवट उठविण्यात आली आणि सकाळी आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. २६ तारखेस दोघांनीही राजीनामे दिले आणि २८ तारखेस उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासह आमदारांचा गट प्रथम सुरतेस व नंतर गुवाहाटीस गेला. ३० जून रोजी शिंदे मुख्यमंत्री झाले. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार याच विधानसभेच्या कालावधीत तिसऱ्या मुख्यमंत्र्यांचे उपमुख्यमंत्री झाले. हा अनुक्रम एखाद्या लेखकाने कल्पिला असता, तर संपादकाने तो अतिरंजित म्हणून परत केला असता.

तो का परत केला असता, हाच कळीचा प्रश्न होय. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. अशा कथांचा वाचकाशी एक अलिखित करार असतो. प्रत्येक धक्क्यामागे कारण असेल, पेरलेला धागा पुढे उलगडेल आणि अखेरीस गुन्ह्याचा निवाडा होईल, ही त्यातील कलमे होत. घडू शकणारी पण न पटणारी गोष्ट घेण्यापेक्षा अशक्य पण पटणारी गोष्ट कवीने पसंत करावी, असे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात सुचविले ते याच अर्थाने. संभाव्यतेचे हे बंधन कल्पितावर असते; वास्तवावर ते नसते. म्हणून राजकीय वास्तव अधिक अद्भुत वाटते, ते त्याच्यात अधिक कल्पकता असते म्हणून नव्हे, तर कारणे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते म्हणून.

या दृष्टीने अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्या महत्त्वाच्या ठरतात. मुख्यमंत्र्यांविरुद्ध सहकारी मंत्र्याने रचलेला डाव हा 'सिंहासन'चा विषय. पुढच्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातील शरद पवार बाहेर पडले आणि ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. साधूंना हे भविष्य दिसले असे मानण्याचे कारण नाही. सत्ता कोणत्या हितसंबंधांवर उभी असते, हे त्यांनी पत्रकाराच्या नजरेने पाहिले होते. कारणांचे जाळे अचूक पकडल्यास घटना आपोआप संभाव्य होते. या दोन कादंबऱ्यांवर आधारलेल्या, जब्बार पटेल दिग्दर्शित 'सिंहासन' (१९७९) या चित्रपटात निनावी दूरध्वनीसारखी रहस्यकथेची क्लृप्ती येते. परंतु शेवटी रहस्य उलगडण्याचे समाधान मिळत नाही. सारे पाहिलेला दिगू टिपणीस हा पत्रकार वेड्यासारखा हसत सुटतो.

दिगू मुंबईत उभा आहे. निवेदकाची जागा बदलली तर काय दिसते? मुरगूड ज्या कागल तालुक्यात आहे, तेथे राजकारणाची भाषा पक्षांची नसून गटांची आहे: मंडलिक गट, मुश्रीफ गट, राजे गट. साखर कारखाना, सेवा सोसायटी, दूध संस्था आणि ग्रामपंचायत यांतून गट जगतो. २००९ मध्ये सदाशिवराव मंडलिक राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवाराविरुद्ध अपक्ष उभे राहून लोकसभेवर गेले. तेव्हा हसन मुश्रीफ राष्ट्रवादीत होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत त्याच मंडलिकांचे पुत्र संजय मंडलिक यांच्या प्रचारात मुश्रीफ होते. त्याच वर्षी विधानसभेला, भाजप सोडून शरद पवार यांच्या पक्षात आलेले समरजितसिंह घाटगे मुश्रीफांविरुद्ध लढले. दूरच्या प्रेक्षकाला ही कलाटणी वाटेल. उसाची तोड आणि सोसायटीचे कर्ज ज्याच्या संसाराला बांधलेले आहे, त्याला मात्र पक्ष बदलले तरी गट कायम राहिल्याचे दिसते. राजधानीत जे रहस्य असते, ते तालुक्यात पुष्कळदा व्यवहार असते.

म्हणूनच 'रहस्यकथेसारखे' हे विशेषण निरुपद्रवी नाही. ते नागरिकाला प्रेक्षक करते आणि 'कोणी, कशासाठी' या प्रश्नाच्या जागी 'पुढे काय' ही उत्कंठा ठेवते. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला आळा घालण्यासाठी दहावी अनुसूची आली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीस बोलाविण्याचा राज्यपालांचा निर्णय अयोग्य ठरविला. तथापि ठाकरे यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही असे सांगितले आणि अपात्रतेचा प्रश्न विधानसभाध्यक्षांकडे सोपविला. १० जानेवारी २०२४ च्या अध्यक्षांच्या निर्णयात शिवसेनेच्या दोन्ही गटांतील कोणीही आमदार अपात्र ठरला नाही. रहस्यकथेच्या वाचकाने असा शेवट मान्य केला नसता. नागरिकाने तो स्वीकारला, याचे एक कारण असे की त्याने या साऱ्याकडे कथा म्हणून पाहिले, पण कथेच्या वाचकाचा हक्क मात्र बजावला नाही.

सारांश, वास्तव कल्पिताहून अद्भुत आहे असे म्हणण्यापेक्षा, वास्तवाची कारणे अजून लिहिली गेलेली नाहीत असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. साधूंनी ती मंत्रालयात शोधली. आजच्या मराठी कादंबरीकाराने ती कारखान्याच्या वार्षिक सभेत आणि सोसायटीच्या मतदारयादीत शोधावयास हवीत. तसे झाल्यास धक्क्याची जागा आकलन घेईल, आणि वाङ्मयाने राजकीय जीवनाला देण्यासारखे त्याहून मोलाचे दुसरे काही नाही.