शेजारी राहायला आलेला शिकागोकर

जे. जे. रुग्णालयात 1946 साली एक नेमणूक झाली. तोवर हिंदुस्थानातल्या कुठल्याच रुग्णालयात तशी जागा नव्हती. या माणसानं औषध द्यायचं नव्हतं, सुई टोचायची नव्हती. रोग्याजवळ बसून विचारायचं होतं: घरी कमावतं कोण? नोकरी टिकली का? डॉक्टरांनी दूध-अंडी सांगितलीत, ती परवडणार कशी? इथून सुटल्यावर जाणार कुठे?

आज केईएमच्या किंवा टाटाच्या आवारात ‘आधी सोशल वर्करला भेटून या’ हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. त्यात नवल वाटावं असं काही उरलेलं नाही. पण जरा थांबून विचार केला तर चक्रावायला होतं. विचारपूस करणं ही शिकवायची, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची गोष्ट आहे, हे मुंबईत कुणाला आणि कधी सुचलं? उत्तराचा शोध फार लांब न्यावा लागत नाही. ते जे. जे.पासून चालत जाण्याच्या अंतरावर, नागपाड्यात सापडतं.

1925 मध्ये शिकागो विद्यापीठात शिकलेला क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईत आला, अमेरिकन मराठी मिशनकडून. हे मिशन काही नवखं नव्हतं. त्याचे पहिले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या खटपटीत होतं. हॉल टिकून राहिला आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेला. पुढे शंभर वर्षं मिशननं शाळा काढल्या, छापखाना चालवला, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक चालवलं. मॅनशार्टनं मात्र 1926 मध्ये काढलं ते ‘नागपाडा नेबरहुड हाउस’. म्हणजे शाळा नव्हे, चर्चही नव्हे, तर मोहल्ल्यातलं एक घर, जिथे शेजाऱ्यांनी यावं, वाचावं, खेळावं, शिकावं, भांडावंसुद्धा.

वस्ती कशी, तर मुसलमान, बगदादी ज्यू, अँग्लो-इंडियन, आणि पलीकडे कामाठीपुरा. इथे कुणाचा धर्म बदलायला मॅनशार्ट बसला नाही. ज्या मिशनच्या पैशावर तो आला होता, त्याचा इतिहास पाहता हे मला सगळ्यात धाडसाचं वाटतं.

ही कल्पना त्यानं शिकागोहून आणली होती. लंडनच्या गरीब वस्तीत 1884 मध्ये टॉयनबी हॉल निघाला. त्यावरून जेन अ‍ॅडम्सबाईंनी 1889 मध्ये शिकागोत हल हाउस काढलं. शिकल्या-सवरल्यांनी गरिबांत जाऊन दान वाटू नये, बिऱ्हाड करावं, हा त्यामागचा विचार. मुंबईला तोही अगदी परका नव्हता. ना. म. जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली होती. परळचं दामोदर हॉल तिचंच. फरक पडला तो पुढे.

पुढचं समजायला उद्योगपती दोराबजी टाटा लागतात, आणि त्यांच्यापर्यंत जाताना वाटेत खेळ लागतो. बास्केटबॉल 1891 मध्ये वायएमसीएच्या स्प्रिंगफील्ड इथल्या प्रशिक्षणशाळेत जन्मला. ख्रिस्ती तरुणांच्या या संस्थेनं खेळ शिकवणारी माणसंही देशोदेशी पाठवली. त्यांपैकी डॉ. नोरेन 1927 मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले सचिव झाले, आणि पहिले अध्यक्ष होते सर दोराबजी. (नागपाडा आजही बास्केटबॉलचं माहेरघर आहे. 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर तिथलेच.) परदेशातून आलेला जाणकार आणि इथल्या धनिकाची थैली ही जोडी काय करू शकते, हे दोराबजींना असं आधीच ठाऊक झालेलं होतं.

1932 मध्ये त्यांनी आपली मालमत्ता विश्वस्त निधीला दिली आणि त्याच वर्षी ते वारले. आता एवढ्या पैशाचं करायचं काय? अन्नछत्रं घालता आली असती. नागपाड्यात दहा वर्षं काढलेल्या मॅनशार्टला मात्र कमतरता दिसत होती ती माणसांची, म्हणजे काम कसं करायचं हे शिकलेल्या माणसांची. 1936 मध्ये निधीनं सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क काढलं, हिंदुस्थानातलं असं पहिलंच. वर्ग भरले नेबरहुड हाउसमध्ये. विद्यार्थी वीस, अभ्यासक्रम दोन वर्षांचा, संचालक मॅनशार्ट.

पुस्तक एका हाती आणि मोहल्ला दुसऱ्या हाती, असं ते शिक्षण. 1937 मध्ये शाळेनं मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडलं. अशा केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ मुलाचं मन बघतो, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, आणि समाजसेवक मुलाच्या घरी जातो. पोर चोऱ्या का करतं याचं उत्तर कधी डोक्यात असतं, तर कधी दहा बाय दहाच्या खोलीत झोपणाऱ्या अकरा माणसांत.

परदेशातून चार महिने येऊन फोटो काढून जाणारे स्वयंसेवक आपण पाहतो. मॅनशार्ट सुमारे सोळा वर्षं राहिला, आणि 1941 मध्ये संस्थेची सूत्रं डॉ. जे. एम. कुमारप्पांकडे, म्हणजे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या बंधूंकडे गेली. 1944 मध्ये शाळेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, आणि 1954 मध्ये ती देवनारला गेली.

शिकलेली माणसं रुग्णालयांत गेली, तशी गिरण्यांतही. 1948 च्या कारखाने कायद्यानं पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. लालबाग-परळच्या मोठ्या गिरण्यांत हजारोंनी कामगार होते, म्हणजे प्रत्येकीला असा माणूस लागणारच. त्याचं कोडं अवघड होतं. पगार मालकाचा, गाऱ्हाणी कामगारांची, आणि युनियन दारात उभी. बदली कामगाराच्या बायकोच्या आजारपणाचं तो ऐकून घ्यायचा, पण रजा मंजूर करणारा तो नसायचा.

नागपाड्यातून निघालेली ही वाट 1996 मध्ये टेलिफोनपर्यंत पोचली. संकटातल्या मुलांसाठीची चाइल्डलाइन टाटा संस्थेचा उपक्रम म्हणून मुंबईत सुरू झाली. नंबर 1098. फलाटावरच्या, पाटी-पुस्तक न पाहिलेल्या पोरालाही लक्षात राहावा असा, उलट मोजत जाणारा: दहा, नऊ, आठ.