अनुदान सातबाऱ्याचे की घामाचे?

‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ हे वाक्य आपण प्राथमिक शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. परंतु सरकार शेतकऱ्याला जो पैसा देते तो नेमका कोणाच्या पदरात पडतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. पारशिवनीच्या आपल्या महाविद्यालयातील बरेच विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे. म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

अनुदान दोन वाटांनी येते. पहिली वाट खताच्या पोत्यातून. १९७७ साली मराठे समितीच्या शिफारशीनुसार खत कारखान्यांचा तोटा सरकारने भरून द्यावा व शेतकऱ्याला खत स्वस्त मिळावे, अशी व्यवस्था सुरू झाली. पुढे तिच्यात पुष्कळ बदल झाले. पण युरियाचे पोते आजही खर्चाहून कमी भावात मिळते. जमीन कोणाच्या नावावर आहे, यावर पोत्याचा भाव ठरत नाही. पेरणाऱ्याला सवलत मिळतेच.

दुसरी वाट थेट बँकेची. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्राची पंतप्रधान किसान सन्मान निधी योजना सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, तेही २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती. त्याच वर्षी ही मर्यादा उठली. आयकर भरणारे वगळले गेले. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ जाहीर करून तितकीच भर घातली. पैसा सरळ खात्यात पडतो, मधल्या माणसाचा हात त्याला लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

पण अट एकच: सातबाऱ्यावर नाव हवे. माझे वडील दुसऱ्याची चार एकर जमीन ठेक्याने करतात. ठेक्याची रक्कम मृगाआधीच मोजावी लागते. पऱ्हाटीवर बोंडअळी आली तर नुकसान वडिलांचे. हप्ता मात्र नागपूरला राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. सातबारा नाही म्हणून बँकेचे पीककर्जही नाही. मालक सज्जन आहेत. त्यांनी काही लबाडी केलेली नाही. नियमच तसा आहे.

मग ठेका कागदावर का येत नाही? विदर्भासाठी १९५८ साली झालेल्या कुळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. हेतू उदात्त होता. परंतु जमीन हातची जाईल या धास्तीने मालक लेखी करार टाळू लागले. व्यवहार तोंडी झाला आणि कसणारा सरकारी दप्तरातून नाहीसा झाला.

आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये यावर एक तोड काढली. मालकाच्या संमतीने अकरा महिन्यांचा लेखी करार करायचा. त्यातून जमिनीवर हक्क निर्माण होत नाही, पण पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई यांसाठी कसणारा पात्र ठरतो. मालकाची धास्ती जाते आणि कसणाऱ्याला नाव मिळते.

ही योजना वाईट आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्याच्या घरी सातबारा आहे त्याला बियाण्याच्या वेळी दोन हजारांचा आधार होतोच. माझे म्हणणे इतकेच की, जमिनीचा मालक आणि जमीन कसणारा हे दोन वेगळे असू शकतात, हे सरकारी कागदाने मान्य करावे. तोवर ‘शेतकरी’ या शब्दाचा सरकारी अर्थ अपुराच राहील.