लेखांक ४ : किलोवॅट किती, किलोमीटर किती?

मागच्या आठवड्यात बॅटरीच्या आत काय असतं ते पाहिलं. या वेळी शोरूममध्ये सगळ्यात आधी कानावर पडणारे आकडे घेऊ. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, ती तीन आकडे घेऊन : ९५ किलोवॅटची, म्हणजे १२९ अश्वशक्तीची मोटर, ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटर. तिन्ही आकडे अधिकृत आहेत. पण त्यांच्या भरवशावर कोणी मे महिन्यात चंद्रपूरहून भामरागडला जाऊन, मध्ये कुठेही चार्ज न करता परत आलापल्ली गाठायची म्हणेल, तर त्याची गाडी जंगलातच उभी राहील.

आधी किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांतला घोळ मिटवू. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. म्हणजे या गाडीच्या पोटात ३० युनिट वीज मावते. किलोवॅट हा ती वीज वापरण्याचा वेग. ९५ किलोवॅटची मोटर पूर्ण ताकदीने चालवत ठेवली, तर ३० युनिट एकोणीस मिनिटांत संपतील. त्यामुळे ९५ हा आकडा काही क्षणांपुरता असतो. बल्लारपूरकडे जाताना कोळशाच्या ट्रकला ओलांडायचं आहे, पाय दाबला, गाडी झपकन पुढे गेली. तेवढ्यापुरता तो खरा. मोटर सलग अर्धा तास किती ताकद देऊ शकते, याचं मोजमाप वेगळं असतं. आपल्याकडच्या एआयएस ०४१ या मानकात त्याची रीतसर चाचणी सांगितलेली आहे, आणि हा आकडा कमाल ताकदीपेक्षा बराच कमी येतो. कारण उष्णता. तांब्याची वेटोळी, इन्व्हर्टर आणि बॅटरी तापू लागली की गाडीचा संगणक स्वतःच हात आखडता घेतो. बॅटरी तळाला गेली की तेच. जाहिरातीत मात्र नेहमी मोठाच आकडा असतो. माझ्या मते अर्ध्या तासाचा आकडाही त्याच्याच शेजारी छापण्याची सक्ती हवी.

आता रस्त्यावर येऊ. सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने अशी गाडी चालवायला साधारण १० किलोवॅट पुरतात. १२९ अश्वशक्तीतली जेमतेम चौदा. उरलेली ताकद नुसती बसून असते. वेग १०० वर नेला की गरज १७ किलोवॅटच्या घरात जाते, कारण हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वरोरा-भद्रावतीच्या चौपदरी रस्त्यावर रेंज झपाट्याने उतरते ती यामुळे.

मग ३१२ आले कुठून? भारतीय चाचणी-चक्रातून. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद ठेवून, आणि तिच्यातला सरासरी वेग शहरातल्या रहदारीइतका कमी असतो. ३०.२ ला ३१२ ने भागलं तर किलोमीटरला ९७ वॅट-तास येतात. ८० च्या वेगाने, एसी लावून, हाच खर्च १५० च्या आसपास जातो. बॅटरी अगदी तळाला न नेता २७ युनिट वापरली, तर १८० किलोमीटर झाले. चंद्रपूर ते भामरागड अंतर साधारण तेवढंच आहे.

इथे एसीचा हिशेब नीट पाहायला हवा, कारण चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर सहज जातो आणि चाचणी-चक्राला तो माहीत नाही. अशा दुपारी एसी दोन किलोवॅट खातो असं धरा. ताशी ८० च्या वेगात तो किलोमीटरमागे २५ वॅट-तास पडतो. आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करत भामरागडला जाताना वेग तीसवर आला, की तोच एसी किलोमीटरमागे ६७ वॅट-तास घेतो. त्या साठ-पासष्ट किलोमीटरला दोन तास लागले तर चार युनिट नुसती गारव्यावर गेली. हळू चालवलं की रेंज वाढते, हे हिवाळ्यात खरं. आपल्याकडच्या मे महिन्यात एका मर्यादेपलीकडे ते उलटं होतं.

ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या विजेवर फार विसंबू नका. मूलच्या रस्त्यावर जनावरांसाठी वेग कमी करावाच लागतो, पण ८० वरून ३० वर येताना परत मिळते ती वीज जेमतेम तीन-चारशे मीटर पुरेल एवढी.

चार्जिंगलाही किलोवॅटच लागतात. १५ अँपिअरच्या सॉकेटवरचा चार्जर ३.३ किलोवॅटचा असतो आणि रिकामी झालेली ही बॅटरी भरायला नऊ तास घेतो. व्होल्टेज १८० वर उतरलं की तोच चार्जर अडीच किलोवॅटच देतो आणि रात्रीचे बारा तास होतात. गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांत, जिथे संध्याकाळी दिवे मंदावतात, तिथे हा फरक रोजचा आहे.

गाडी पाहायला जाल तेव्हा अश्वशक्ती विचारा, पण तिथे थांबू नका. टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोन वाजता, एसी लावून, गावाबाहेरच्या रस्त्यावर घ्या. पडद्यावर किलोमीटरमागचा वॅट-तासांचा आकडा दिसतो, तो लिहून ठेवा. बॅटरीच्या नव्वद टक्क्यांना त्याने भागा. आपल्या जिल्ह्यांसाठी तीच त्या गाडीची रेंज. आणि पुढच्या लेखांकाआधी महावितरणचं बिल काढून त्यावरचा ‘मंजूर भार’ पाहून ठेवा. घरच्या चार्जिंगची सुरुवात तिथूनच करायची आहे.