मुंबईचा गळा, लंडनचा रंगमंच

कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या टेबलावर लांब दांड्याचा एक छोटा गोल आरसा असतो. रुग्णाची जीभ बाहेर धरून तो पडजिभेपाशी टेकवायचा आणि स्वरयंत्र न्याहाळायचे, ही तपासणी आपण डॉक्टर मंडळींनी विद्यार्थिदशेत शिकलेली असते. परंतु या तपासणीचा पाया घालणारा गृहस्थ वैद्य नव्हता, तर गाण्याचा मास्तर होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मॅन्युएल गार्सिया हे त्यांचे नाव. १८५४ साली दंतवैद्याचा आरसा घशात धरून आणि दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून त्यांनी गाताना स्वतःचेच स्वरयंत्र पाहिले. पुढच्याच वर्षी त्यांचा त्यावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

त्यांचे वडीलही मॅन्युएल गार्सियाच. आपल्या काळातील नामवंत टेनर. १८१६ साली रोम येथे रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्यातील नायक त्यांनी रंगविला. १८२५ साली आपले कुटुंब आणि गायकमंडळी घेऊन ते समुद्रापार न्यूयॉर्कला गेले आणि इटालियन ऑपेरा त्यांनी अमेरिकेत नेला. गळ्याच्या बळावर देशोदेशी फिरण्याची ही परंपरा इतकी जुनी आहे.

ऑपेरा म्हणजे काय, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून गाण्यातून कथा सांगणारे नाटक आपल्या ओळखीचे आहे. ऑपेरात मात्र संवादही बहुधा गाऊनच म्हटले जातात. उंच पट्टीचा पुरुषी आवाज तो टेनर, त्याखालचा बॅरिटोन आणि उंच पट्टीचा स्त्रीचा आवाज तो सोप्रानो. नायक बहुधा टेनर आणि नायिका सोप्रानो असते.

आपल्या शेजारच्या खंडव्यात जन्मलेले किशोरकुमार मायक्रोफोनपाशी हलकेच गुणगुणत आणि ते गुणगुणणे घराघरांत पोहोचत असे. ऑपेराच्या गायकाला ही सोय नाही. समोर साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद आणि त्यापलीकडे शेवटच्या रांगेतील श्रोता. तेथवर ध्वनिवर्धकाशिवाय पोहोचायचे असते. टेनर आपला सुप्रसिद्ध वरचा ‘सी’ लावतो, तेव्हा त्याचे स्वरतंतू सेकंदाला पाचशेहून अधिक वेळा कंप पावतात. सोप्रानोचे त्याच्या दुप्पट, म्हणजे हजाराहून अधिक वेळा. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी दाखवून दिले, की तयार टेनरच्या आवाजातील बरीच शक्ती तीन हजार हर्ट्झच्या आसपास एकवटते. वाद्यवृंदाचा जोर पाचशे हर्ट्झच्या जवळपास असतो. म्हणून गायकाचा आवाज त्यावरून सहज तरून जातो. सोप्रानो उंच स्वरांवर जबडा अधिक उघडून मुखाची पोकळी त्या स्वराशी जुळवून घेते. म्हणजे येथे केवळ जोर कामाचा नाही. श्वास, स्वरयंत्र आणि मुख यांचा मेळ वर्षानुवर्षांच्या शिक्षणाने साधावा लागतो. नेमके हे शिक्षण आपल्याकडे दुर्मिळ होते.

या पार्श्वभूमीवर पॅट्रिशिया रोझारिओ यांची कारकीर्द पाहावी. त्यांचा जन्म १९६० साली मुंबईतील एका गोवेकर कॅथलिक कुटुंबात झाला. गळा मुंबईचा होता. पण तो ऑपेरासाठी घडविण्याकरिता त्यांना लंडन गाठावे लागले. गिल्डहॉल स्कूल ऑफ म्युझिक अँड ड्रामा या संस्थेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले, मॅगी टेट पारितोषिकही पटकाविले. पुढे मोझार्टच्या ऑपेरांतील भूमिकांनी त्यांना युरोपात नाव मिळवून दिले. सर जॉर्ज शोल्टी यांच्यासारख्या वाद्यवृंद-संचालकाबरोबर त्या गायल्या.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण दिले ते इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी. १९९२ साली ऑल्डबरा महोत्सवात टॅव्हनर यांच्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला आणि त्यातील मेरीची भूमिका रोझारिओ यांनी केली. वाळवंटात तप करणाऱ्या एका संत स्त्रीची ही कथा. त्यानंतर टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना केल्या. २००३ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये ‘द व्हेल ऑफ द टेंपल’ ही सुमारे सात तास चालणारी रचना रात्रभर सादर झाली, तीतही त्यांचा स्वर होता. आपल्याकडच्या रात्रभराच्या भजनाची आठवण व्हावी, असाच तो जागर! तत्पूर्वी २००१ साली ब्रिटनने त्यांना ‘ओबीई’ हा किताब दिला होता.

येथेच ही गोष्ट संपली असती, तर ‘परदेशी गेली आणि मोठी झाली’ एवढेच म्हणून आपण पान उलटले असते. तसे झाले नाही. २००९ साली पती मार्क ट्रूप या पियानोवादकासह त्यांनी ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम सुरू केला आणि भारतात येऊन त्या तरुण गायकांना शिकवू लागल्या. जे शिकण्यासाठी स्वतःला घर सोडावे लागले, त्याचा ओनामा तरी पुढच्या मुलांना आपल्या गावी करता यावा, हा त्यामागील भाव. मुंबईचा बॅरिटोन ऑस्कर कॅस्टेलिनो हा त्यांच्याच हाताखाली घडला आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकपर्यंत पोहोचला.

मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस हेही या कथेचे एक पात्र आहे. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नावाने ऑपेराचे असले, तरी बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांच्यासारख्यांचे सूर त्या वास्तूने ऐकले. १९९३ साली ती बंद पडली. तेवीस वर्षांनी, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जीर्णोद्धारानंतर तिचे दरवाजे उघडले, तेव्हा गायला उभ्या राहिल्या त्या पॅट्रिशिया रोझारिओच.

वाचकहो, देडतलाईसारख्या गावाला या कथेचे अप्रूप का वाटावे? आपलीही मुले-मुली बऱ्हाणपूर, इंदूर किंवा महाराष्ट्र गाठतात, काही साता समुद्रांपलीकडे जातात. त्यांनी जाऊ नये, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. विद्या जेथे असेल तेथे जावेच लागते. प्रश्न एवढाच, की ती विद्या थोडी तरी परत येते का? परत येण्यासाठी कायमचे बिऱ्हाड हलवावे लागत नाही. वर्षातील काही आठवडे येऊन शिकविले, तरी पुढच्या पिढीची वाट सोपी होते, हे रोझारिओ यांनी दाखविले. आपल्या समाजातील डॉक्टर मुलांनी सुट्टीत येऊन चार दिवस शिबिरात बसणे, हीही तीच परतफेड होय.

आणि एक लहानशी परतफेड आपण येथील डॉक्टर आजच करू शकतो. शिक्षक, कीर्तनकार, बाजारात हाक देणारा भाजीवाला, हे सारे गळ्यावर जगतात. कोणाचाही आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, विशेषतः तंबाखू-विडीची सवय असेल, तर केवळ गुळण्या सांगून त्याला घरी पाठवू नये. स्वरयंत्राची तपासणी अवश्य करून घ्यावी. त्या तपासणीची वाट आपल्याला एका गाण्याच्या मास्तराने दाखविली आहे. ते ऋण विसरून चालणार नाही.