महारोहिणींतील रक्तप्रवाहाचें गणित

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वळणें घेत वाहते. वळणाच्या बाहेरच्या कांठाला धार लागून तो खचतो. आंतल्या कांठाशीं पाणी मंदावतें व वाळू सांचते. उमरखेडकडील शेतकऱ्याला हें सांगावें लागत नाहीं. मनुष्याच्या छातींतहि अशीच एक वळणदार नदी आहे. तिचें नांव महारोहिणी.

हृदयापासून निघणारी ही नळी सुमारें तीन सेंटिमीटर रुंद असते. ती प्रथम वर चढते, कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत खालीं उतरते. प्रत्येक ठोक्यासरशीं सुमारें ७० घन सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारें ५ लिटर रक्त तिच्यांत लोटलें जातें. कमानीच्या आंतल्या बाजूस प्रवाह मंदावतो, मागेंपुढें हेलकावतो. तेथेंच मेदाचे थर बसण्याचा संभव अधिक.

कांहीं माणसांत ही भिंत दुबळी होऊन फुगते. हृदयालगतचा फुगवटा साडेपांच सेंटिमीटर रुंद झाला म्हणजे शस्त्रक्रिया करावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. परंतु त्याहून लहान फुगवटेहि फाटतात, आणि मग रोग्याच्या प्राणांवर बेततें. केवळ रुंदी मोजून निर्णय कसा करावा? येथें संगणक साहाय्यास येतो.

क्ष-किरणांच्या छेदचित्रांवरून त्याच रोग्याच्या महारोहिणीचा आकार संगणकांत उभा करतात व त्या पोकळीचे लक्षावधि सूक्ष्म खंड पाडतात. प्रवाही पदार्थांच्या गतीचीं समीकरणें नेव्हिए यानें १८२२ सालीं व स्टोक्स यानें १८४५ सालीं मांडलीं. तीं प्रत्येक खंडाला, क्षणाक्षणाला लावून रक्ताचा वेग, दाब व भिंतीवरील घर्षण काढतात. हातानें हें करण्यास आयुष्य पुरणार नाहीं. अशाच अवजड गणितांसाठीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांत जन्मलेले.

तथापि महारोहिणीची भिंत नदीच्या कांठासारखी स्थिर नसते. ती प्रत्येक ठोक्याला ताणते व आखडते. तिचा चिवटपणा चित्रावरून नेमका कळत नाहीं, तो अनुमानानें धरावा लागतो. अनुमान चुकलें कीं उत्तरहि चुकतें. म्हणून तें चुंबकीय चित्रणानें मोजलेल्या वेगाशीं ताडून पाहतात. रुंदीच्या दंडकाची जागा या गणितानें अद्याप घेतलेली नाहीं.

छेदचित्रें दूर पाठवितां येतात. रोगी वणीस असला तरी गणित पुण्यास होऊं शकतें. मात्र शस्त्र केव्हां धरावें, हें रोग्याच्या उशाशीं असलेल्या वैद्यानेंच ठरवावयाचें असतें.